लाल चिठ्ठीचे पिंजरे

निघोज्याची रोहिणी प्रयोगशाळेत कामाला लागली तेव्हा तिच्या धाकट्या जावेनं, करिष्मानं, नाक मुरडलं होतं. "ताई, उंदरांची आया होणार तुम्ही?" रोहिणी नुसती हसली. गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीतलं कंत्राटी काम संपल्यावर तिला घरात बसवत नव्हतं, आणि चाकणजवळच्या त्या प्रयोगशाळेला पांढऱ्या उंदरांचे पिंजरे साफ करायला, पिल्लांची वजनं घ्यायला माणूस हवं होतं.

दोन वर्षांत तिचा हात बसला. मग नवा प्रयोग आला. गाभण उंदरिणींना पाण्यातून कॅफीन द्यायचं आणि पिल्लं कशी होतात ते बघायचं. हिरव्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांना साधं पाणी, लाल चिठ्ठीवाल्यांना सगळ्यांत जास्त कॅफीन.

"ते काय असतं, सर?" तिनं प्रयोग सांभाळणाऱ्या निरंजन सरांना विचारलं.

"चहा-कॉफीत असतं ना, झोप उडवणारं, तेच."

रोहिणीचे हात थांबले. लेकीच्या, सायलीच्या वेळी आठवा महिना लागेपर्यंत ती वायरिंगच्या कंपनीत लाइनवर उभी होती. शिफ्ट बदलली की डोळे मिटायचे, म्हणून मशीनची कॉफी. दिवसाला सहा-सात कप सहज व्हायचे. कुणीच नको म्हणालं नव्हतं. सायली पावणेदोन किलोची झाली, पंधरा दिवस काचेच्या पेटीत होती. आता नऊ वर्षांची आहे, तरी परक्यांना सहा-सात वर्षांची वाटते.

बाविसाव्या दिवशी पिल्लं झाली. लाल चिठ्ठीची पिल्लं हातालाच हलकी लागली, काट्यानंही तेच दाखवलं. त्यातलं एक तर आईच्या पोटापर्यंत पोचतच नव्हतं. आपल्या मनानं काही करायचं नाही, असा तिथला नियम. तरी इकडंतिकडं बघून तिनं ते बोटानं आत सरकवलं. भावंडांनी पुन्हा बाहेर ढकललं. दुसऱ्या दिवशी मोजलं तर एक पिल्लू नव्हतं. आईनंच खाल्लं होतं. रोहिणीनं वहीत लिहिलं, 'एक कमी.'

शेवटी तिनं सरांना सायलीचं सांगितलं.

"उंदरांवरून माणसाचं असं सांगता येत नाही, रोहिणीताई. यांना दिलेलं प्रमाणही फार जास्त आहे. मूल लहान व्हायला शंभर कारणं असतात."

"मग उंदरांवर कशाला करता?"

सरांनी चष्मा काढून पुसला.

करिष्मा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती आणि त्याच वायरिंगच्या कंपनीत जात होती. रोहिणीनं भाकऱ्या थापता थापता विषय काढला. "कॉफी कमी कर गं."

"ताई, लाइनवर डुलकी लागली तर दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेणार नाहीत. तुम्हीच सांगा, काय करू?"

आपण लाइनवर होतो तेव्हा आपणही हेच म्हणालो असतो, हे रोहिणीला ठाऊक होतं. तव्यावरची भाकरी करपली, तेव्हा ती भानावर आली.

प्रयोग संपला. उंदरिणी, पिल्लं, सगळी नियमाप्रमाणे मारून टाकली. अहवाल कुठं गेला, त्यात काय लिहिलं होतं, हे रोहिणीला कुणी सांगितलं नाही. पुढच्या सोमवारी नवे उंदीर आले.

करिष्माला मुलगी झाली. दवाखान्यात जो तो वजन विचारत होता. नर्सनं बाळ रोहिणीच्या हातात दिलं. किती भरेल, हे तिच्या हातांना लगेच कळलं; लाल चिठ्ठीच्या पिल्लांसारखंच ते हलकं लागलं. तिनं ते अलगद करिष्माच्या कुशीत सरकवलं.