दुसरा ब्रेक
परवा गाडीच्या मागच्या काचेवर लाल ‘एल’ चिकटवताना गोंदाचा वास आला आणि दिल्लीतली द्वारका नव्याने वसत होती ते दिवस आठवले. सेक्टरांतले रस्ते रुंद, रिकामे, हवेत सिमेंटची धूळ, आणि त्या रस्त्यांवर आई ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकत होती. त्या गाडीत शेजारी बसून शिकवणाऱ्या मास्टरजींच्या पायाशीही एक ब्रेक होता. त्यातच बाबांना हार्ट अटॅक आला. हृदय पार थकलं होतं, म्हणून डॉक्टरांनी जांघेतून बारीक फुगा आत सरकवून पंपाचं मशीन लावलं. ते प्रत्येक ठोक्याला हात द्यायचं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “अब मशीन हर दूसरी धड़कन पर मदद करेगी, फिर हर तीसरी पर, फिर हटा देंगे.” “एवढ्यात काढणार?” मी आईला विचारलं. आई म्हणाली, “अरे, मास्टरजीपण ब्रेकवरचा पाय असाच हळूहळू काढतात. बिल्कुल जमेल बाबांना.” आणि जमलं. हॉस्पिटलच्या फेऱ्यांमध्येच आई टेस्ट देऊन आली आणि डिस्चार्जच्या दिवशी आमची गाडी तिनेच चालवली. शेजारी बसलेले बाबा प्रत्येक वळणावर उजवा पाय खाली दाबत होते. “अहो, पाय उचला,” रस्त्यावरची नजर न हलवता आई म्हणाली, “तुमचं मशीन निघालं, तसा माझा तो दुसरा ब्रेकही निघालाय.” आता माझी मुलगी गाडी शिकतेय. तिच्या शेजारी मी मांडी घालूनच बसतो.