अडतीस चिंचोके

वरठीचा यादोराव सायकल हाणत भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात यायचा आणि रक्त तपासायचा. मायक्रोस्कोपला डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजायच्या, दहा झाल्या की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर आकडा सोळा चिंचोक्यांवर उतरला की पेशंट घरी जायला मोकळा. उतरायचा सोडून चढला, तर आत पू धरतो आहे असं समजायचं.

पण डॉक्टर आधी विचारायचे मालनबाईला. ती ड्रेसिंग करायची, शाळा चौथीपर्यंत. पट्टी सोडून जखमेचा वास घेतला की तिचा निकाल लागायचा. नागपूरला शिकून आला यादोराव, आणि मान कुणाला, तर नाकाला! चार वर्षं तो आतल्या आत जळत होता.

अठ्ठ्याहत्तर साली आसगावचा धनीराम अपेंडिक्ससाठी भरती झाला. ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी मालनबाईने जखम साफ असल्याचं सांगितलं आणि त्याच्या बायकोने, रुखमाने, गाठोडं बांधायला घेतलं. तेवढ्यात यादोरावकडे डॉक्टरांची चिठ्ठी आली, धनीरामचं रक्त बघा म्हणून.

वीस चिंचोके झाले, तीस झाले, अडतीसवर थांबले. यादोरावला उकळ्याच फुटल्या. बाई चुकली! मग त्याला रुखमाचं गाठोडं आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. आकसाने जास्त मोजलं की काय, म्हणून त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा अडतीसच. लाज वाटली तरी आनंद काही जाईना.

डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडलं. आत खोल वाटीभर पू निघाला आणि धनीराम वाचला. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत यादोरावची पाठ थोपटली.

"नाकाले आतलं दिसत नाई, डॉक्टरसाहेब," मालनबाईला ऐकू जाईल असं तो म्हणाला.

"तेच ती म्हणाली," डॉक्टर म्हणाले. "मी तर सुटीच्या कागदावर सही करत होतो. दारात उभी राहून म्हणाली, 'जखम साफ हाये, पर मानूस कोमेजून राह्यला. माह्यं नाक इथंवरच. यादोरावभाऊले मोजू द्या.'"

मालनबाई पलीकडे पट्ट्या उकळत होती. तिने मानही वर केली नाही.

यादोराव टेबलाशी येऊन चिंचोके पहिल्या वाटीत परत टाकू लागला. 'मालनबाईला विचारा' असं चार वर्षांत त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. आणि तिचा आजच्याइतका हेवा त्याला कधीच वाटला नव्हता.