नाव न घेणारे जयंतभाई

डॉक्टरची खोली म्हणजे देवळाचा गाभारा, तिथलं बाहेर जात नाही, असं जयंतभाई डॉक्टर म्हणत. हे ते डहाणूच्या दवाखान्यात दार सताड उघडं ठेवून म्हणत, कारण पावसात फुगल्यापासून ते लागत नव्हतं.

मी तलासरीच्या शाळेत चित्रकला शिकवतो. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझी उजवी बाजू हळूहळू परत आली. नातेवाईक माझा हात उचलून पाहत, पाय दाबून पाहत आणि चहा पिऊन जात. पुढचं विचारलं ते एकट्या जयंतभाईंनी.

"मास्तर, हात चालला, पाय चालला. घरचं काय?"

"घरचं ठीक."

"मी किराणा नाय विचारत ने."

माझ्या लाल झालेल्या कानांवरून त्यांना काय ते कळलं असावं. त्यांनी बाकावर बसलेल्या सुमनला, माझ्या बायकोला, हाक मारली. "वहिनी, आत या. झटका यांना आला, आजार दोघांचा आहे." सुमन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. मग अगदी हळू म्हणाली, "मला भीती वाटते. त्यातच यांना पुन्हा काही झालं तर?" मी इतके महिने समजत होतो की तिला माझ्या लुळ्या हाताची किळस येते. तिला वाटत होतं, माझंच मन उडालंय.

जयंतभाई हसले नाहीत. "दोन जिने चढून आले ने? दम लागला? नाय. मग घाबरू नका." रक्तदाबाच्या गोळीनेही कधीकधी पुरुषाची इच्छा मंदावते, म्हणून त्यांनी ती बदलून दिली. "आपल्या मनाने बंद नाय करायची. आणि घाई नाय. आधी नुसतं जवळ बसा." दोन्ही अंथरुणं पुन्हा एका खोलीत आली. त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार करत असे.

पुढे डहाणूत त्यांचा सत्कार झाला. मानपत्राची अक्षरं मीच काढली, उजव्या हाताने. शाल, श्रीफळ झालं. मग जयंतभाई माइकसमोर उभे राहिले. "लोक लाजतात आणि संसार मोडतात. एक उदाहरण देतो. नाव नाय घेणार, डॉक्टरचा धर्म आहे. तलासरीचे एक चित्रकलेचे मास्तर..."

पुढचं सगळं त्यांनी सांगितलं. वेगळी अंथरुणं, सुमनची भीती, बदललेली गोळी. सभागृहातल्या माना आमच्याकडे वळल्या. मग टाळ्या पडल्या. सुमन उठून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. ते खरोखर गोंधळले. "पण मी नाव कुठे घेतलं?"

"तलासरीत चित्रकलेचे मास्तर किती आहेत, जयंतभाई?"

त्यांनी विचार केला. "एकच ने," म्हणाले. आणि मग उजळून, "पण लोकांना फायदा किती झाला बघा!"

तेही खरंच होतं. आशागड, मसोलीकडची जोडपी आता त्यांच्या बाकावर बसलेली दिसतात. सुमनने मात्र सत्काराच्या रात्रीच अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं, ते आजवर तिथेच आहे. मी आता वापीच्या डॉक्टरकडे जातो. तो भला माणूस आहे, काही विचारत नाही. रक्तदाब मोजतो आणि उत्तम आहे म्हणतो.