दाजींच्या तोंडातला विडा

साक्षीदार समोर उभा राहिला की दाजी आधी तोंडात विडा कोंबत. देवास संस्थानात थोरल्या पातीच्या कचेरीत ते जबान्या लिहून घेत आणि मी शेजारच्या बैठकीवर कागदांच्या नकला उतरवीत असे. विडा एवढा मोठा, की गाल फुगून बोलणेच बंद व्हावे. नव्या मुन्सफांना तो कचेरीचा अपमान वाटला. दाजींनी बाहेर जाऊन विडा थुंकला आणि हात जोडून सांगितले, "साहेब, तोंड रिकामं असलं की मी साक्षीदाराला मदत करतो. मग तो माझंच बोलतो." एवढे बोलून त्यांनी दुसरा विडा लावला.

प्रश्न गाळून नुसती उत्तरे सलग लिहायची, असा कचेरीचा रिवाज होता. दाजी मात्र प्रश्नही लिहीत आणि कागद फार जातो म्हणून बोलणी खात. "अरे भिया, सवालातच जवाब घालून दिलास, तर साक्षीदाराने नुसती मुंडी हलवायची का?" असे ते आम्हाला ऐकवत. मला ते म्हातारपणचे खूळ वाटे.

मग आमच्या आळीतल्या मारुतीची चांदीची छत्री भर दुपारी चोरीला गेली. जेवायला घरी येताना मी देवळामागून एका माणसाला पळताना पाहिले होते. दुसऱ्या दिवशी फौजदारांनी मला बोलावले. देवळात फुले देणाऱ्या नाथा माळ्याला त्यांनी आधीच धरून बसवले होते. नाथा जन्मापासून डाव्या पायाने लंगडा. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बाबूसाब, म्हने कंई नी लियो." आपण काहीच घेतले नाही म्हणतो, याचा मला रागच आला. चोर कसा पाय ओढत पळाला, हे पुढे चार दिवस मी कचेरीत चालून दाखवत होतो. लोक हसत, म्हणून जरा जास्तच ओढत होतो. माझ्याखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता. माझ्या शब्दावर नाथा तुरुंगात जाणार होता.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी दाजी घरी आले, ओसरीवर बसले आणि विडा तोंडात टाकून म्हणाले, "हं, सांग." मी सगळे सांगितले. माणूस देवळातून निघाला, लंगडत गेला, देवळामागच्या भिंतीवरून उडी मारून तळ्याकडे पळाला. दाजींनी मला काहीच विचारले नाही. विडा संपवून त्यांनी दाराकडे तोंड केले.

"वहिनी, त्या दिवशी जेवायला आल्यावर यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

दाराआडून बायको म्हणाली, "एक माणूस भिंतीवरून कुदून पळाला म्हणाले. वानरासारखा."

"आणखी?"

"आणखी काही नाही. पान वाढ म्हणाले."

ती भिंत माझ्या छातीएवढी होती. नाथाला देवळाच्या दोन पायऱ्या चढायलाही काठी लागे. मी विचारले, "दाजी, मग लंगडणं आलं कुठून?"

"ते तूच आठव."

आठवले. फौजदारांनी विचारले होते, "डावा पाय ओढत होता, हो की नाही?" मी मुंडी हलवली होती. खोटे बोलायचे माझ्या मनातही नव्हते. विचारल्याबरोबर तो पाय मला खरोखरच दिसला होता.

दुसऱ्या दिवशी शपथेवर मी म्हणालो, "उडी मारताना पाहिलं. लंगडताना पाहिलं असं सांगवत नाही." फौजदार लालबुंद झाले. दाजींनी प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहिले. नाथा सुटला. खरा चोर कधी सापडला नाही. पुढे कित्येक वर्षे नाथा आमच्या दारी फुलांची पुडी ठेवून जाई, आणि ती उचलायला मी बायकोला पाठवी.

दाजी शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले, तेव्हा मी भेटायला गेलो. "दाजी, आज बरं वाटतंय ना?" मी विचारले.

"जवाब तूच दिलास," ते हसले. विडा कधीच बंद झाला होता, गाल बसले होते.

मग कोणालाच न सांगितलेले मी त्यांना सांगितले. "दाजी, इतकी वर्षं झाली. सगळं कळतं, तरी डोळे मिटले की तो माणूस मला अजून लंगडतानाच दिसतो."

त्यांनी माझा हात हातात घेतला.

"दिसणारच, भिया. मरेपर्यंत दिसेल. शपथेवर सांगू नकोस, म्हणजे झालं."