भुईमुगाच्या रानातली अंगठी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, पलटणीतल्या जुन्या दोस्तांपाशी नाही. एकदा देवळात एकटाच बसलो होतो, तिथं मनातल्या मनात सांगायला गेलो आणि — विषय बदलला. देवासमोर विषय बदलणारा माणूस मी. म्हणजे बघा.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी परशराम, बेळगुंदीचा. सैन्यात होतो, जमिनीत पुरलेले सुरुंग यंत्रानं हुडकणाऱ्या तुकडीत. पेन्शनवर आलो, बेळगावात पहाऱ्याची नोकरी धरली आणि हौसेनं एक मेटल डिटेक्टर घेतला. लांब दांडा, खाली तबकडी, कानाला हेडफोन. जमिनीत धातू असला की कानात सूर उमटतो. शेजारच्या गावात एका बाईचं डोरलं भाताच्या चिखलात पडलं होतं, ते मी काढून दिलं, आणि तिथून माझं नाव झालं. कुणाची अंगठी, कुणाची नथ, कुणाच्या कानातलं. सुट्टी मिळाली की मी निघायचो. चहाशिवाय कुणाकडून काही घ्यायचं नाही, हा माझा नियम.

फुकट करतो म्हणजे निःस्वार्थपणे करतो, असं मी समजत होतो. तसं नव्हतं. हरवलेली वस्तू हातात पडते तेव्हा माणूस आधी तिच्याकडं बघतो, आणि मग तुमच्याकडं. ती दुसरी नजर — मी तिच्यासाठी जायचो.

आदगोंडा मला असाच भेटला. निपाणीजवळच्या एका गावातला जैन शेतकरी, घरची तंबाखू, वयानं माझ्याएवढाच. त्याच्या बायकोची सोन्याची चेन रानात पडली होती. दोन तासांत मी ती काढली. त्या दिवशी त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं — तसं कुणी त्याआधी बघितलं नव्हतं. पुढच्या रविवारी तो बेळगावला आला, खडेबाजारात मला चहा पाजला आणि म्हणाला, "मला बी शिकवा की हे."

शिकवलं. मनापासून शिकवलं, हे खोटं नाही. रानाचे दोरीनं पट्टे कसे पाडायचे, तबकडी जमिनीला घासून कशी फिरवायची. सोन्याचा सूर आणि गुटख्याच्या पुडीतल्या चांदीच्या कागदाचा सूर जवळजवळ सारखाच, तेव्हा कंटाळा न करता प्रत्येक वेळी उकरायचं. आणि निघालेला कचरा परत रानात टाकायचा नाही, खिशात घालायचा. नाहीतर तोच कचरा पुन्हा फसवतो. ही खिशाची सवय मीच त्याला लावली. हे लक्षात ठेवा.

वर्षभरात त्यानं स्वतःचं मशीन घेतलं. आम्ही जोडीनं जाऊ लागलो. तो मला परशा म्हणायला लागला, मी त्याला आदाण्णा. आणि मग — कसं सांगू — तो माझ्यापेक्षा चांगला निघाला.

मशीन मी जास्त चांगलं चालवायचो. अजूनही म्हणेन. पण मी रानात उतरून पट्टे पाडत असायचो तेव्हा तो ज्याची वस्तू हरवली त्याच्याशेजारी बांधावर बसलेला असायचा. "ताई, तवा तहान लागली व्हती का? पाणी कुठं पिलासा? घाम कुठल्या हातानं पुसलासा?" असलं काहीतरी विचारत राहायचा. मराठीत, कन्नडमध्ये, जसं समोरचं माणूस असेल तसं. मग उठायचा, बरोबर त्या जागी जायचा, आणि अर्ध्या तासात हाक ऐकू यायची, "परशा, घावलं बघ!" मी दुसऱ्या टोकाला दोरी हातात धरून उभा.

फोन माझ्याच नंबरवर यायचे. आधी विचारायचे, "येणार का?" नंतर विचारायला लागले, "ते आदाण्णा बी येणार न्हवं?" एका घरी नारळ आधी त्याच्या हातात दिला. मी हसलो. परतताना गाडीवर तो मागून म्हणाला, "आपलं नाव लई झालंय बघ." आपलं! त्या शब्दानं मला जेवढी आग लागली तेवढी कुणी शिवी देऊन लागली नसती. त्याच्या मनात काही नव्हतं. तरी मला त्याचा राग येत होता का? हो. त्याच्या मनात काही नव्हतं, याचाच येत होता.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी संकेश्वरकडच्या एका वस्तीवरून फोन आला. शांताक्का नावाच्या बाईची अंगठी भुईमूग उपटताना रानात पडली होती. अंगठी भावानं दिलेली. साखर कारखान्यात कामाला लागल्यावर पहिल्या पगारातून त्यानं भाऊबीजेला घातली होती. भाऊ त्या उन्हाळ्यात वारला होता. हे सांगतानाच शांताक्का रडायला लागली.

रान मोठं नव्हतं. मधोमध दोरी लावली. उगवतीकडचं अर्धं माझं, मावळतीकडचं त्याचं. सकाळी आठला सुरू केलं. बाराच्या सुमारास त्याचं अर्धं संपलं, काही मिळालं नाही, आणि तो बाभळीखाली शांताक्काजवळ जाऊन बसला. तिचा दीर मल्लाप्पाही तिथंच होता.

मी माझा पट्टा सोडून त्याच्या अर्ध्यात शिरलो. का शिरलो? त्याचं काही राहिलंय का ते बघायला. मदत म्हणून नव्हे. त्याचं काहीतरी चुकलेलं मला बघायचं होतं.

आणि चुकलं होतं. बांधाला लागून शेंगांच्या वेलांचा ढीग होता, त्याच्या कडेची हातभर जागा त्यानं सोडली होती. तिथं कानात सूर आला — मऊ, खालचा. चार बोटं उकरलं. मातीच्या ढेकळात अंगठी होती. अंगठ्यानं माती पुसली, लाल खडा दिसला.

तुम्हाला काय वाटतं, काय केलं असेल मी? मी तोंड उघडलं होतं. हाक मारणारच होतो. वळून बघितलं, तर बाभळीखाली शांताक्का हसत होती. सकाळपासून रडणारी बाई हसत होती. आदगोंडा तिला कन्नडमध्ये काहीतरी सांगत होता, आणि ती पदर तोंडावर धरून हसत होती. मला कन्नड समजतं, पण बोलताना जीभ अडखळते. अंगठी माझ्या हातात होती, आणि माणसं त्याच्याभोवती होती.

मी अंगठी खिशात घातली.

त्या क्षणी ठरवलं ते एवढंच, की दोन दिवसांनी एकटा यायचं, त्याच्या अर्ध्यातून काढून दाखवायची. मग कळेल सगळ्यांना कोण कसा शोधतो. चोरी करतोय असं मला वाटलंच नाही. अंगठी खिशात ठेवून पाचपर्यंत मी तबकडी फिरवत राहिलो. आदगोंडानं तर जेवणानंतर माझं अर्धंही पालथं घातलं.

निघताना मी मशीन गाडीला बांधत होतो तेव्हा मल्लाप्पा जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "अण्णा, रागावू नका. ते तुमचं जोडीदार सारखं वाकून खिशात काय घालत व्हते?"

कचरा. गुटख्याच्या पुड्यांची चांदी, तारेचे तुकडे, बाटल्यांची बुचं. मीच लावलेली सवय. एवढं एक वाक्य होतं. माझ्या स्वतःच्या खिशातही तोच कचरा होता, आणि त्याच्यात ती अंगठी होती.

मी म्हणालो, "मी माझ्या कामात व्हतो. मी काय बघितलं न्हाय."

मल्लाप्पानं मान हलवली. तो काय समजला ते मला दिसलं. मी गाडीला किक मारली. मागं आदगोंडा बसला आणि म्हणाला, "बिचारीची अंगठी घावाय पायजे व्हती रं."

दोन दिवसांनी मी गेलो नाही. आठ दिवसांनीही नाही. कारण तोवर बातमी पसरली होती — संकेश्वरपासून निपाणीपर्यंत. मशीनवाला जैनाचा माणूस अंगठी घेऊन गेला. फोन यायचे, आणि आता विचारायचे, "तुम्ही एकटंच येणार न्हवं?" खरं सांगू? मला ते गोड लागलं. त्याची बदनामी मला गोड लागत होती. घरी ट्रंकेत, गणवेशाच्या घडीखाली, ती लाल खड्याची अंगठी होती, आणि मी गावोगाव माणसांच्या वस्तू शोधून देत होतो, त्या दुसऱ्या नजरेसाठी.

दिवाळी गेली. भाऊबीज गेली. तो दिवस मी घरीच काढला, कुठं गेलो नाही.

आदगोंडानं मशीन बंद करून माळ्यावर टाकलं होतं. मला म्हणाला, "ती अंगठी घावंपर्यंत मी हात लावणार न्हाय." दर रविवारी तो निपाणीहून एसटीनं त्या रानात जायचा. शांताक्कानं भुईमुगाचा तेवढा तुकडा पेरू दिला नव्हता. तिथं तो वाळू चाळायची चाळण घेऊन बसायचा आणि माती चाळायचा. मशीन नाही, कारण मशीन घेतलं तर लोक पुन्हा म्हणतील. संक्रांत झाल्यावर मला म्हणाला, "परशा, येकदा चल की रं माझ्यासंगं. तुझा हात येगळाच हाय."

गेलो. अंगठी खिशात घालून गेलो. ठरवून गेलो, की आज सोडायची.

मी पोचलो तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता. सदरा मातीनं लाल. बांधावर मल्लाप्पा उभा — राखणीला उभा राहावं तसा, त्याच्या हातांवर नजर ठेवून. शांताक्का पाणी घेऊन आली. तिनं तांब्या मला दिला. त्याला दिला नाही. मीच त्याच्याकडं सरकवला. शांताक्का मला म्हणाली, "अण्णा, भाऊबीजेला मी ओवाळणीचं ताटच केलं न्हाय बगा." तो ते ऐकून आणखी जोरानं चाळायला लागला.

आता बघा. त्याच्या बाजूला न चाळलेल्या मातीचा ढीग होता. माझा हात खिशात होता. त्या ढिगात अंगठी टाकायला काय लागत होतं? दोन मिनिटांत ती त्याच्या चाळणीत आली असती. त्यानं स्वतःच्या हातानं ती शांताक्काला दिली असती. लोक म्हणाले असते, ह्यानंच घाबरून परत आणून टाकली — हे कारण मला नंतर सुचलं. घरी गेल्यावर. तिथं उभा असताना असलं काही माझ्या मनात नव्हतं. तिथं एवढंच होतं, की शांताक्का त्याच्याकडं बघेल.

मी मशीन घेऊन बांधाकडं गेलो. पाठ करून वाकलो. आणि ओरडलो, "घावली!"

सगळे धावत आले. शांताक्कानं अंगठी कपाळाला लावली, आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला हवी होती ती नजर मिळाली. आदगोंडा सगळ्यांत शेवटी पोचला, गुडघे धरले होते त्याचे. मला वाटलं, हा विचारेल — इतके रविवार मी इथं माती चाळतोय, मग तुला आजच कशी घावली? त्यानं विचारलं नाही. त्यानं माझे दोन्ही हात धरले. मग म्हणाला, "परशा, तू मला सोडवलास रं."

मल्लाप्पानं त्याच्यासमोर हात जोडले. शांताक्का त्याच्या पाया पडायला वाकली, त्यानं पडू दिलं नाही. म्हणाला, "आक्का, तुमची काय चूक? मी कडंची जागा सोडली व्हती, माझीच चूक." आणि त्यांच्या घरी आम्ही जेवलो. पोळ्या केल्या होत्या. मी तीन खाल्ल्या.

त्यानंतर आदगोंडानं मशीन कधीच हातात घेतलं नाही. म्हणतो, कानात पूर्वीसारखं काही येत नाही, सूर आला तरी भरवसा वाटत नाही. मी आग्रह केला नाही. एकदा तोंडदेखलं म्हणालो असेन. आता सगळीकडं मी एकटाच जातो. पण अजून एखादी म्हातारी मधेच विचारते, "ते बोलकं अण्णा न्हाई आलं का?" मी सांगतो, त्यांना वेळ नसतो.

या उन्हाळ्यात निपाणीत त्याच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात मला हाताला धरून त्यानं व्याह्यांसमोर नेलं. म्हणाला, "हे परशराम. माझी अब्रू ह्यांनी राखली." व्याह्यांनी वाकून नमस्कार केला. मीही हात जोडले. तोंडातून शब्द आला, "अहो, कसलं काय."

मग कुणीतरी त्याला हाक मारली, तो त्या घोळक्यात गेला. माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. तो काहीतरी सांगत होता, थोडं मराठीत, थोडं कन्नडमध्ये, आणि सगळी हसत होती. मी मांडवाच्या खांबाजवळ एकटा उभा होतो. माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. आणि इतकं सगळं करून झाल्यावरही, त्याच्या मुलीच्या लग्नात, अक्षता हातात धरून — मला त्याचा हेवा वाटला.