भजनातून गाळलेला टाळ

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. अमेरिकेत पिस्कॅटवेला मुलाकडं आम्ही दोघं आलो होतो, आता मी एकटा. लोक भेटायला येतात आणि म्हणतात, काका, आठवणी आहेत ना तुमच्याजवळ. आठवणी काय चाटायच्या आहेत? मला तिचा आवाज हवा होता. बोलण्याचा नव्हे. बोलायची ती मोजकंच, आणि "जेवलास का, गाडी हळू चालव" असलं फोनवरचं बोलणं मुलानं जपून ठेवलंय. मला तिचा टाळ ऐकायचा होता.

इथं मराठी बायकांचं भजनी मंडळ आहे. ही आली त्या महिन्यातच त्यात शिरली. गळा नव्हता तिला. ती फक्त टाळ धरायची, माहेरून आणलेला, काशाचा. बाकीच्या गायच्या छान, पण रंगात आल्या की पळत सुटायच्या. मग ही टाळ जरा दाबून वाजवायची आणि सगळ्या परत चालीवर यायच्या. पेटीवाल्या बाई म्हणायच्या, "मावशी, तुम्ही आमचा ब्रेक आहात हं." ही म्हणायची, "ब्रेक कसला, तुमच्या गाडीला घोडेच जास्त."

मग तो आजार आला, घराबाहेर पडणं बंद झालं, आणि भजन कॉम्प्युटरवर सुरू झालं. टीव्हीएवढ्या पडद्यावर चौकोन चौकोन, एकेका चौकोनात एकेक बाई. आमची स्वयंपाकघरात बसायची, मागं गॅस. आजार सरला तरी थंडीच्या दिवसांत भजन तसंच चालायचं. त्याची रेकॉर्डिंगं मंडळानं ठेवली होती.

ही गेल्यावर काही महिने मी तिकडं फिरकलो नाही. मग एका रविवारी सुनेला म्हटलं, "ते भजन लाव." तिनं टीव्हीवर लावलं. पेटी ऐकू आली. मंडळातल्या डॉक्टरीणबाईंचा चढा सूर ऐकू आला. कुणाचा तरी कुत्रा भुंकला, तोही ऐकू आला. ही चौकोनात बसून टाळ वाजवतेय, आणि आवाज नाही.

"मोठा कर."

"बाबा, फुल आहे."

"मग हिचा टाळ कुठाय?"

सुनेनं रिमोट खाली ठेवला. चांगली पोरगी आहे, खोटं बोलत नाही. म्हणाली, "बाबा, ॲप तो नॉइज समजतं. म्हणजे गाण्याबोलण्याशिवाय दुसरं काही वाजलं, भांड्याबिंड्यांचं, तर ते आपोआप कट करतं."

"भांड्यांचं?"

"त्याला काय कळतंय बाबा, मशीन आहे ते."

दुसरं लाव म्हटलं, तिसरं लाव म्हटलं. सगळीकडं तेच. तिच्या हातात टाळ, आणि टाळाच्या जागी शुकशुकाट. समोरासमोर बसून भजन करायच्या तेव्हा कुणी रेकॉर्ड करत नव्हतं. म्हणजे हिचा टाळ कुठंच उरला नाही, एवढं मला त्या दुपारी कळलं. मी उठून गॅरेजमध्ये जाऊन बसलो.

वेळ राखणं हा माझा धंदा होता, म्हणून हे जास्त लागलं असेल. मी सातवी नापास. शाळेत शिपाई होतो आणि घंटा देत होतो. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. हेडमास्तरांच्या खोलीतलं किल्लीचं घड्याळ बघायचं, बाहेर यायचं, हाणायचं. माझा बाप सांगायचा, त्याच्या लहानपणी गावात घड्याळ फक्त कचेरीत होतं, आणि तिथला पहारेकरी टोल देईल तीच वेळ. तो डुलकी लागून चुकला तर सगळं गाव चुकायचं. आमच्या लग्नात तर भटजींनी घंगाळात घटिकापात्र सोडलं होतं. बुडाला बारीक भोक पाडलेली वाटी. पाण्यानं भरून बुडाली की घटका भरली. ही म्हणायची, "तुमच्याकडं कोण बघत होतं? मी वाटीकडं बघत होते, बुडते का कधी एकदाची." मी घड्याळ बघून टोले देणारा माणूस. हिला घड्याळ लागत नव्हतं, तिच्या अंगातच होतं ते.

आमच्या शेजारी एक काळा गृहस्थ राहतो. माझ्याच वयाचा, तोही बायको गेलेला. त्याच्याकडं किल्लीचा जुना ग्रामोफोन आहे आणि जाझ नावाच्या त्यांच्या संगीताच्या अगदी पहिल्या काळातल्या जाड रेकॉर्डी. मला गॅरेजमध्ये बसलेला बघून तो एक दिवस हात धरून घरी घेऊन गेला. माझं इंग्रजी थँक्यू सॉरीपुरतं, म्हणून सून बरोबर आली.

त्यानं रेकॉर्ड लावली. पिपाण्या, तुताऱ्या, सगळा गलका. आपल्याकडच्या वरातीतल्या बँडसारखंच वाटलं. तो म्हणाला, या संगीताची आणि वरातीची नाळ एकच आहे म्हणून समज. हे लोक आधी रस्त्यावर मिरवणुकीत वाजवायचे, मयतीलाही वाजवायचे. तेव्हा मोठा ढोल एकाच्या गळ्यात, छोटा दुसऱ्याच्या. मग हॉलमध्ये बसून वाजवायला लागले तेव्हा कुणीतरी मोठ्या ढोलाला पायानं दाबून वाजवायचा दांडा लावला, आणि एकच माणूस दोघांचं काम करायला लागला.

मी ऐकत होतो. म्हटलं, "ढोल तर ऐकू येत नाही."

सुनेनं सांगितल्यावर म्हातारा टाळ्या पिटत हसला. म्हणाला, "हा पहिला माणूस, ज्याला न सांगता कळलं." मग त्यानं सांगितलं की त्या काळी माईक नव्हता. भल्यामोठ्या भोंग्यासमोर सगळ्यांनी वाजवायचं आणि पलीकडं सुई तबकडी कोरायची. मोठा ढोल वाजला की सुई उडायची. म्हणून ढोलवाल्याला पार मागं बसवायचे, नाहीतर ढोल काढून घेऊन लाकडाचे ठोकळे वाजवायला द्यायचे.

"म्हणजे ठेका धरणाऱ्यालाच गाळला," मी म्हणालो.

"रेकॉर्डमधून गाळला," तो म्हणाला. "खोलीत तो होताच. मागं बसला असला तरी बाकीच्यांना ऐकू येत होता. ते बघ कसे चालतायत, त्याच्याच भरवशावर."

मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. हिच्या खोलीत कोण होतं? इकडं चौकोनात बसून ही वाजवत होती आणि बाकीच्यांना तेव्हाही काही ऐकू जात नव्हतं. बायकांनी तिला तसं सांगितलंही होतं. "मावशी, तुमचा टाळ पोचतच नाही आमच्यापर्यंत." ही म्हणाली, "नाही पोचला तर राहू दे," आणि वाजवत राहिली. तो टाळ ऐकणारा माणूस एकच, शेजारी खुर्चीत बसून शेंगा सोलणारा. मी मेलो की तोही संपला.

हे मी सुनेला सांगितलं, तिनं त्याला सांगितलं. म्हाताऱ्यानं सुई उचलून रेकॉर्ड थांबवली. मग म्हणाला, "माझा बाप ढोल वाजवायचा. घरात लहान भावंडं झोपलेली, वाजवायची चोरी. म्हणून तो मांडीवर हात मारून दाखवायचा, आवाज न करता. मी हात बघून शिकलो."

पुढच्या रविवारी मी कपाटातून तिचा टाळ काढला. सुनेला म्हटलं, "ते भजन लाव, आणि आवाज बंद कर."

"बंद?"

"पार बंद. आणि हिचा चौकोन मोठा होतो का बघ."

झाला. धुरकट दिसत होती, पण हात दिसत होते. ते वर गेले, खाली आले, आणि मी टाळ मारला. उशिरा पडला. पुन्हा मारला, तोही उशिरा. घंटेला दांडा हाणणारा हात माझा, टाळाला फार जड. ती मात्र एकसारखी चालली होती, मी मागं फरफटत होतो. केव्हातरी दोन, मग चार टोले बरोबर पडले. खणखणीत वाजला. तसाच, तिचा वाजायचा तसाच. सून दारात ओट्याचं फडकं हातात धरून उभी होती, ती आत गेली.

मग पडद्यावर हिनं मान वळवली, टाळ खाली ठेवला आणि उठली. कुणीतरी हाक मारली असणार. खुर्ची रिकामी, मागं गॅस. भजन बहुतेक चालूच असेल, मला ऐकू येत नव्हतं. हात तसेच अधांतरी धरून मी बसलो. काय करावं कळेना. तिचे हात दिसल्याशिवाय वाजवणार कसं?

मुलगा आला. "बाबा, चला, पानं वाढलीत."

"थांब जरा," मी म्हणालो. "तिला येऊ दे."