साय न धरणारं दूध

दूधवाला कोणीबी असो, त्याच्या दुधात पाणी असतेच, हे मी माहेराहून शिकून आली. नखावर थेंब ठेवून पाहल्याशिवाय मी गंजात दूध घेत नाई.

दोन वर्सांमागं आमच्या आर्णीजवळच्या पडीत रानात काठेवाडी उंटवाले उतरले. उंटिणीच्या दुधानं साखर उतरते, असं कोणीतरी माह्या नवऱ्याच्या डोक्यात भरवलं. यायले दहा वर्सापासून साखर. झालं, रोज सकाळी लोटा घेऊन मी पालावर.

उंटवाली बाई दूध उकळूनच द्यायची. मले तिथंच खटकलं. आपलं सरपण जाळून ही दुसऱ्याले दूध काहून उकळून देते? घरी आणून पुन्हा तापवलं, तं साय नाई! नखाएवढी बी नाई!

"पाणी घालते अन् उकळून लपवते," मी म्हटलं.

"अवं, उंटाचं दूध पातळच असते," हे म्हणाले.

"तुमाले काय समजते? तुमाले कोणीबी टोपी घालन."

दुसऱ्या दिवशी मी तिले सांगतलं, "मेरे सामने निकालो, और कच्चाच दो."

"बाई, कच्चा मत पिओ," ती म्हणाली. पाहा, पकडली चोरी, मी मनात म्हटलं. तिनं एका पायावर उभं राहून, मांडीवर भांडं टेकवून धार काढली. मी डोळे फाडून पाहत होती. ते फेसाचं कोमट दूध घरी येऊन यायले तसंच पाजलं. तापवलं तं गुण जाते, हे बी मीच ठरवलं. मंग रोज तसंच.

महिन्याभरानं यायले ताप धरला. संध्याकाळी चढे, पहाटे घामानं गादी ओली. कंबर धरून उठत. मलेरिया नाई, टायफॉईड नाई. माणूस वाळून चालला. त्या बाईनंच काही कालवलं, दुसरं काय! पालावर जाऊन तिले नाई नाई ते बोलली.

शेवटी यवतमाळच्या डॉक्टरनं उंटवालीच्या दुधाचं ऐकून रक्त तपासलं. "जनावराचं कच्चं दूध पेले का? त्यातल्या जंतूंचा ताप आहे हा. सहा आठवडे गोळ्या घ्या. दूध उकळलं असतं तर जंतू मेले असते. उंटवालीनं कच्चं दिलं?"

मी बोलायच्या आधी हेच बोलले, "नाई साहेब, ती बिचारी उकळूनच द्यायची. मलेच कच्च्याची हौस."

या माणसाचा एक शब्द मी कधी पडताळल्याशिवाय मानला नाई.

"साहेब, हे खोटं बोलून राह्यले," मी म्हटलं. "कच्चं मी पाजलं."